दोन पावसाळे आणि एक पेला

आधीच सांगून टाकतो, मी वाइनमधला दर्दी वगैरे अजिबात नाही. ऑफिसच्या पार्टीत रेड की व्हाइट विचारलं की जी बाटली जवळ असेल ती म्हणणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे 'पेला तिरका धरा, नाक खुपसा, आता लेदर आणि तंबाखूचा वास येतोय का बघा' असले प्रकार दिसले की मला हसू यायचं. चपलेचा वास यावा म्हणून माणूस पैसे मोजतो?

तर झालं असं, की मागच्या वर्षी प्रोजेक्टच्या निमित्ताने तीन महिने लिस्बनला होतो. मध्ये एक जोडून सुट्टी आली. टीममधल्या पोर्तुगीज मित्राने सुचवलं, मदेराला जाऊन ये. अटलांटिकमधलं छोटंसं बेट, पोर्तुगालचंच, पण नकाशावर आफ्रिकेला जास्त जवळ. फुंशाल हे तिथलं मुख्य शहर. रोनाल्डोचं जन्मगाव, विमानतळालाही त्याचंच नाव. धावपट्टीचा बराचसा भाग समुद्रालगत सिमेंटच्या खांबांवर उभा आहे, उतरताना वारा असा झोडपतो की शेजारच्या आजीबाई क्रॉस करत होत्या आणि मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या वाइन लॉजमध्ये गेलो. तळमजल्यावर पेल्याच्या हिशोबाने जुन्या वाइन मिळतात. भिंतीवरच्या यादीत साल आणि किंमत. त्यात एक ओळ होती, बुआल, १९६८.

१९६८ हे माझ्या बाबांचं जन्मसाल. तीस युरो, म्हणजे जवळपास तीन हजार रुपये, एका छोट्या पेल्याला. मी दोन मिनिटं यादीकडे बघत उभा राहिलो आणि मग मागवला.

काउंटरवरच्या बाईंनी बाटली काढली. लेबल नाही, काचेवर पांढऱ्या रंगाने अक्षरं छापलेली. आणि बाटली उभी ठेवलेली! मला एवढंच माहीत होतं, की वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवतात. त्या म्हणाल्या, ही आंबट फार, आडवी ठेवली तर बूच खाऊन टाकते. पेल्यात ओतलं तेव्हा रंग जुन्या काकवीसारखा, पण पेला तिरका केला की कडेला चक्क हिरवट झाक. ही कडेची हिरवट झाक जुन्या मदेराची खूण मानतात.

वास घेतला आणि मी गोंधळलोच. भाजलेला अक्रोड, वाळलेली संत्र्याची साल, लाकडी कपाटाला नवीन पॉलिश केल्यावर येतो तसा थोडा उग्र दर्प, आणि या सगळ्याच्या मागे एक अगदी ओळखीचा वास. कसला ते पटकन सापडेना. ओठाला लावल्यावर आधी गोडी, दाट, गुळाची. तेवढ्यात आंबटपणा असा उसळून येतो, की गोडी जिभेवर चिकटून राहतच नाही. चिंच-गुळाच्या आमटीचं गणित जसं असतं, गूळ जास्त घातला तर चिंचही वाढवायची, तसंच काहीसं. घोट गिळून झाल्यावर पाचेक मिनिटांनीही तोंडात चव होती.

मग एकदम ट्यूब पेटली. मेथी! आजीच्या मेथीच्या लाडवांचा वास. मी त्या बाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. हॉटेलवर येऊन शोधलं तेव्हा कळलं की मी काही थापा मारत नव्हतो. सोटोलॉन नावाचं एक रसायन आहे. मेथीच्या दाण्यांना तो विशिष्ट वास येतो तो त्याच्यामुळे, आणि मदेरा जितकी जुनी होते तितकं तिच्यातलं सोटोलॉन वाढत जातं. एवढ्या लांब येऊन, तीन हजार रुपये देऊन, मी आजीच्या डब्याचा वास घेतला होता :)

तेव्हापासून या वाइनचा इतिहास वाचायचा नाद लागला. आणि वाचता वाचता गाडी मुंबईला येऊन पोचली. ती कशी, ते सांगतो.

मदेरा या शब्दाचा पोर्तुगीजमधला अर्थ लाकूड. १४१९ मध्ये झार्को आणि तैशैरा हे दोन पोर्तुगीज दर्यावर्दी इथे उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता, नुसतं दाट जंगल. शेतीसाठी त्यांनी जंगलाला आग लावली आणि ती सात वर्षं जळत राहिली, अशी दंतकथा आहे. पुढे उसाची लागवड झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपला साखर पुरवणाऱ्या मोठ्या ठिकाणांत हे एवढंसं बेट होतं. १४७८ मध्ये कोलंबस इथे साखर खरेदीला आला होता, तेव्हा तो कोणी नव्हता, एक साधा व्यापाऱ्याचा माणूस. ही साखर पिकवायला आणि डोंगरकड्यांवरून पाण्याचे पाट (त्यांना लेवादा म्हणतात) खोदायला जे हात लागले, त्यात कॅनरी बेटांवरून आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. आज त्याच पाटांच्या कडेने पर्यटक ट्रेकिंग करतात. मीही केलं, सुंदर आहे. पण पाट कोणी खोदले हे वाचल्यावर पाय जरा जड होतात.

पुढे ब्राझीलची साखर स्वस्त पडायला लागली आणि मदेराचा ऊस मागे पडला. त्याची जागा द्राक्षांनी घेतली.

आता मुंबई. १६६१ च्या तहात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिलं, हे आपण शाळेत शिकलो. त्या आंदणात मदेराही जायचं राहून गेलं, अशी एक कथा त्या बेटावर सांगतात. खरीखोटी देव जाणे. खरं एवढं, की १६६३ मध्ये इंग्लंडने कायदा केला. युरोपातला माल इंग्रजी वसाहतींना जायचा तर तो आधी इंग्लंडच्या बंदरात आला पाहिजे. या कायद्यातून मदेराची वाइन मात्र वगळली. मग काय, इंग्रज व्यापाऱ्यांनी फुंशालमध्ये पेढ्या थाटल्या. आणि १६६८ मध्ये राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. कंपनीची जहाजं इकडे यायला लागली, आणि वाऱ्यांच्या हिशोबाने फुंशाल त्यांच्या वाटेवरच पडायचं. तिथे पाणी, भाजीपाला आणि वाइनची पिंपं चढवायची आणि आफ्रिकेला वळसा घालून पुढे निघायचं. एका पिंपाला पाइप म्हणत, साधारण चारशे-सव्वाचारशे लिटरचं.

अशाच एका जहाजावर जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री होता. साल १६८९. मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजीमहाराजांना मारलं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये हा गृहस्थ इंग्लंडहून निघाला. वाटेत मदेराला थांबला. तिथल्या वाइनबद्दल त्याने एक चमत्कारिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ही वाइन उन्हाच्या तापाने बिघडत नाही, उलट सुधारते.

हे नीट समजून घ्यायला हवं. साधी वाइन तापली की मेली. युरोपातली वाइन लोक गारव्याला, तळघरात जपतात ती म्हणूनच. आणि इथे उलटंच. जहाजाच्या पोटात पिंपं टाकलेली, बाहेर विषुववृत्ताचं ऊन, आत कोंदट उकाडा, सहा-सहा महिने लाटांवर घुसळण. इंग्लंडहून मुंबईला येताना विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, परत जाताना पुन्हा दोनदा. जी पिंपं न विकता परत आली, ती फेकून द्यायच्या लायकीची असायला हवी होती. पण चाखून बघितलं तर निघताना होती त्याहून भारी! आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमधला बग हेच फीचर निघालं.

मग लोक मुद्दाम पिंपं जहाजावर चढवून फिरवून आणायला लागले. अशा वाइनला नाव पडलं 'विन्यो दा रोदा', म्हणजे फेरी मारून आलेली वाइन. 'ही भारतात जाऊन आलेली आहे' असं सांगितलं की लंडनमध्ये जास्त भाव मिळायचा. आपल्याकडे फॉरेन-रिटर्न्डचं जे कौतुक, तेच, फक्त उलट दिशेने.

ओव्हिंग्टनच्या काळात वाइनमध्ये स्पिरिट घालायची पद्धत रुळली नव्हती, ती अठराव्या शतकात रुळली. फोर्टिफाइड म्हणजे तीच. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचंच कडक स्पिरिट ओतायचं. यीस्टला ते झेपत नाही, ते मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. लवकर ओतलं तर माल्मसीसारखी गोड वाइन, उशिरा ओतलं तर सर्सियालसारखी कोरडी, आणि मधल्या पायऱ्यांवर बुआल आणि वर्देल्यो. ही सगळी द्राक्षांच्या जातींची नावं. तयार वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १९ टक्के. अल्कोहोल, आंबटपणा आणि आधीच सोसलेली उष्णता यामुळे पुढे तिचं कोणी काही वाकडं करू शकत नाही. बूच उघडून ठेवलेली बाटलीही महिनोन्‌महिने टिकते.

पण दर वेळी जहाजाने पृथ्वीला अर्धी प्रदक्षिणा घालणं महागात पडतं. मग १७९४ च्या सुमारास बेटावरच 'इश्तुफा' आले, म्हणजे सरळ भट्टीने तापवलेल्या खोल्या. थोडक्यात, समुद्रप्रवासाचं सिम्युलेशन. आज स्वस्त मदेरासाठी स्टीलच्या टाक्या असतात, ४५ ते ५० अंश तापमानाला कमीत कमी तीन महिने. चांगल्या वाइनसाठी मात्र 'कांतेइरो' पद्धत. पिंपं गोदामाच्या माळ्यावर ठेवायची, छपरावर ऊन पडू द्यायचं आणि वाट बघायची. सालाची मोहोर लावून 'फ्रास्केइरा' म्हणून विकायची तर वीस वर्षं तरी पिंपात काढावी लागतात. मी त्या माळ्यावर जाऊन आलो. जुन्या लाकडाचा, धुळीचा आणि मेथीचा वास. वर्षानुवर्षं तिथे थोडी थोडी वाइन उडून जाते, उरते ती दाट होत जाते. सिम्युलेशनने काम भागतं, पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखली तेव्हा मला, म्हणजे माझ्यासारख्या अडाण्यालाही, फरक कळला.

हे सगळं वाचून मी खूश होतो. उष्णता सोसली, त्रास झाला आणि त्यातून सोनं निघालं! फॉरवर्ड करण्यालायक सुविचार. पण ओव्हिंग्टनचं पुढचं प्रकरण वाचलं आणि तो सुविचार घशाखाली उतरेना.

तो १६९० मध्ये मुंबईला पोचला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईला वेढा घातला होता, तो त्या जूनमध्ये नुकताच उठत होता. बेटावर दलदल, ताप, हगवण. जहाजावरून उतरलेल्या प्रवाशांतले बहुतेक जण तो पावसाळा संपायच्या आत गेले, असं तो लिहितो. मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, ही त्या काळची म्हण त्यानेच नोंदवून ठेवली. म्हणजे एकाच जहाजाने, एकाच वाटेने, एकच उकाडा सोसत पिंपं आणि माणसं आली. पिंपं सुधारली आणि माणसं मेली. उष्णता सोसून कोण सुधारतं, हे सोसणाऱ्यात आधीपासून काय घातलंय त्यावर ठरतं.

पुढच्या शंभर वर्षांत मुंबई-मद्रास-कलकत्त्याच्या साहेबांच्या टेबलावर मदेरा पाण्यासारखी वाहिली. अमेरिकेतही तेच वेड. १७६८ मध्ये बोस्टनला जॉन हॅनकॉकचं 'लिबर्टी' जहाज जकातवाल्यांनी पकडलं, त्याने २५ पाइप मदेराची जकात भरली होती आणि माल त्याहून जास्त असल्याचा संशय होता. त्यावरून दंगल झाली. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीच्या भांडणांत या प्रकरणाचा नंबर बराच वरचा आहे.

आणि १७९२ ची मदेरा तर दंतकथाच झाली. १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला नेणारं जहाज फुंशालला थांबलं, तेव्हा इंग्रज वकिलाने त्याला १७९२ च्या वाइनचं पिंप दिलं, पण आजारी नेपोलियनने ते उघडलंच नाही आणि पिंप बेटावर परत आलं, अशी आख्यायिका. १९५० मध्ये चर्चिल फुंशालला आला तेव्हा त्याला १७९२ चीच मदेरा दिली होती. ही द्राक्षं तोडली तेव्हा फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत जिवंत होती, याचंच त्याला अप्रूप. मला मात्र वेगळंच आठवलं. ती द्राक्षं तोडली तेव्हा महादजी शिंदे पुण्यात तळ ठोकून होते, सवाई माधवराव गादीवर होते, नाना फडणीस कारभार बघत होते आणि मॅलेट साहेब रेसिडेंट म्हणून संगमावर राहून सगळं टिपून घेत होते. तो काळ एका बाटलीत शिल्लक होता आणि १९५० मध्ये कोणीतरी तो प्यायला.

मग १८५० नंतर बेटावर भुरी रोग आला, १८७२ मध्ये फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षवेलींची मुळं खाल्ली. इंग्रज पेढ्या उठल्या. साहेब व्हिस्कीकडे वळला.

इथपर्यंत लिहून थांबता आलं असतं. पण १९६८ चा पेला अजून टेबलावर आहे.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना परत आत जाताच आलं नाही. आजोबा त्यातलेच. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. सकाळी दुधाच्या पिशव्या टाकायच्या, मग शाळा. आजोबा आधीही कधीमधी घ्यायचे म्हणे, पण संपानंतर रोज. गल्लीच्या तोंडाशी हातभट्टी मिळायची. १९९१ मध्ये ते गेले, वय ५३. मी त्यांना पाहिलेलं नाही. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही, आणि आमच्या घरात 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा युक्तिवाद चालत नाही.

दारूच्या इतिहासातला हा दुसरा भाग लॉजमधल्या माहितीफलकावर नसतो. साहेब मदेरा पीत होता तेव्हा इथे ताडी-माडी होती, मोहाची होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद पाडल्या, ताडाच्या झाडाझाडावर कर बसवला. १८९२ मध्ये तर मोहाची फुलं गोळा करण्यावरच बंधनं आणणारा कायदा झाला. साहेबाची वाइन म्हणजे अभिरुची आणि आपल्या लोकांची म्हणजे महसूल किंवा गुन्हा. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, परमिटं त्याच्यातलीच. हातभट्टी मात्र गल्लीच्या तोंडाशीच राहिली.

त्या रात्री हॉटेलवरून बाबांना फोन केला. का केला, अजून नीट सांगता येत नाही. खोटं बोलायचं नव्हतं एवढं खरं.

"बाबा, तुमच्या जन्मसालची वाइन प्यायलो आज."

पलीकडे शांतता. मग, "केवढ्याला?"

सांगितलं.

"तीन हजार! एका पेल्याला? अरे, येडा आहेस का तू?" पुन्हा शांतता. "चव कशी होती?"

मी म्हटलं, "गोड-आंबट. आणि बाबा, वास अगदी मेथीच्या लाडवांसारखा. आजी करायची तसा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. लाइन कटली की काय असं वाटलं. मग म्हणाले, "मेथीचा होय? त्यांच्या तोंडाला तसला वास नव्हता रे."

आणि लगेच, "जेवलास का?"

परत येताना विमानतळावर दहा वर्षं जुन्या वर्देल्योची एक बाटली घेतली. पुण्याच्या फ्लॅटवर पुस्तकांच्या कपाटात उभी ठेवली आहे, आडवी नाही. बाबा मध्ये येऊन गेले. कपाटातून काहीतरी शोधताना त्यांना ती दिसली. उचलून, प्रकाशात धरून बघितली, मागचं लेबल चष्मा लावून वाचलं आणि होती तशीच जागेवर ठेवली.

अजून उघडलेली नाही. घाई नाही, ती टिकते.